‘वाह’ गाळायची का?

तोक्योत शिबुयाला ‘लायन’ नावाचं कॉफीगृह आहे, १९२६ पासूनचं. खुर्च्या एकमेकांकडे नाही, तर भल्यामोठ्या स्पीकरांकडे तोंड करून मांडलेल्या. बोलायला मनाई. कॉफी मागवायची आणि बाख ऐकायचा. तबकड्या आणि यंत्रं महाग होती, त्या काळात अशी कॉफीगृहं जपानमध्ये बहरली.

हे निव्वळ खूळ नव्हे. तंबोऱ्याची जवारी फोनच्या स्पीकरवर उरतच नाही. ‘भाव महत्त्वाचा, आवाजाचं काय एवढं’ हे मला आळशी माणसाचं तत्त्वज्ञान वाटतं. पण मग भीमसेन जोशींचं काय करायचं? लहानपणी त्यांनी अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी ऐकली, ती जेमतेम तीन मिनिटांच्या तबकडीवर. १९३३ साली, अकराव्या वर्षी, ते गुरूच्या शोधात घर सोडून निघाले. खरखर आड आली नाही.

खरी अडचण मला वेगळीच दिसते. आपल्या बैठकीत श्रोत्याची ‘वाह’ गाण्यातच मुरलेली असते. गवई तिच्या जोरावर पुढची जागा घेतो. जुन्या ध्वनिमुद्रणांत ती ऐकू येते, कुणाचं खोकणंसुद्धा. हेडफोन जितका चांगला, तितका तो खोकणारा अधिक स्पष्ट! असले आवाज गाळणारी सॉफ्टवेअर आता मिळतात. मी वापरत नाही. इथे भिंती पातळ, रात्री शेजारी झोपलेले. मला गप्पच बसावं लागतं. माझ्या वतीनं ‘वाह’ म्हणायला ती मंडळी तरी हवीत.