उसने वैर

“सरकारे भांडतात, माणसे भांडत नाहीत,” असे आपण किती सहजपणे बोलतो! फराळाला जमलेल्या मंडळींत भारत-पाकिस्तानचा विषय निघतो, वाद रंगतो आणि शेवटी चकलीचा तुकडा मोडीत कुणी तरी वडीलधारे हे वाक्य उच्चारतात. सर्वांचे समाधान होते. मला मात्र ते अर्धेच खरे वाटते.

खरे अर्धे आधी सांगतो. फाळणीला आठ वर्षेही झाली नव्हती, तेव्हा १९५५ च्या लाहोर कसोटीसाठी हजारो भारतीय सरहद्द ओलांडून गेले. १९९९ च्या जानेवारीत पाकिस्तानने चेन्नईला आपल्याला अवघ्या १२ धावांनी हरवले, आणि प्रेक्षकांनी उभे राहून विजेत्यांसाठी टाळ्या वाजविल्या. त्याच उन्हाळ्यात कारगिलच्या डोंगरांत तोफा धडाडल्या. म्हणून काही त्या टाळ्या खोट्या ठरत नाहीत.

आता उरलेले अर्धे. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये अर्शद नदीमने भालाफेकीत सुवर्णपदक मिळविले, आपल्या नीरज चोप्राने रौप्य. ‘तोही आपलाच मुलगा’, अशा अर्थाचे नीरजची आई बोलून गेली. त्या माउलीचे केवढे कौतुक झाले! पुढे २२ एप्रिल २०२५ रोजी पहलगामला २६ निरपराध माणसे मारली गेली. नीरजने त्याआधीच अर्शदला बंगळूरच्या स्पर्धेचे निमंत्रण धाडले होते. लोक नीरजवर तुटून पडले, आणि आईचे ते जुने वाक्यही त्यांनी उकरून काढले. काल स्तुती करणारेच आज आईला बोल लावीत आहेत, असे त्या मुलाला जाहीरपणे म्हणावे लागले. यासाठी कोणत्याही सरकारी हुकमाची गरज पडली नाही.

वर्गात हे सांगत असता एका मुलाने विचारले, “सर, मग मारणाऱ्यांनाही आपलं म्हणायचं?”

प्रश्न रास्त होता. नाही, म्हणायचे नाही. गुन्हेगाराला शासन व्हावे, सरहद्द राखली जावी. सरकारने अटारीचे फाटक बंद केले. प्रसंगी ते त्याला भागच असते. पण एका आईच्या मायेने कोणती चौकी दुबळी झाली?

मला वाटते, सरकारचे वैर हिशेबाचे असते. १९६५ च्या युद्धानंतर ताश्कंदला, १९७१ च्या युद्धानंतर सिमल्याला सह्या झाल्याच. आपण मात्र ते वैर उसने घेतो, घरी आणतो, मुलांच्या तोंडी देतो. आणि ते मिटविणारा तह कुठल्याच राजधानीत होत नाही. धोरण ठरविणे सरकारचे काम, ते आपण मतपेटीतून तपासू. परंतु कोणाचा द्वेष करायचा, हे ज्याचे त्यानेच ठरवावयाचे असते. त्याचा जाब सरकारला नव्हे, आपल्यालाच द्यावा लागतो.