आनंद आणि इंधन

डिझेलची मोटार चालवण्यात पेट्रोलच्या मोटारीइतका आनंद मिळू शकतो का, हा प्रश्न वरकरणी मेकॅनिकला विचारावा असा. पण थोडे खरवडले की त्याखाली नीतिशास्त्राचा एक जुना पेच लागतो. दोन वेगळ्या जातींचे आनंद एकमेकांशी तोलायचे, तर तराजू कोणाच्या हाती द्यायचा? १८६३ साली पुस्तकरूपाने आलेल्या ‘युटिलिटेरियनिझम’मध्ये जॉन स्टुअर्ट मिलने याचे उत्तर देऊन ठेवले आहे : ज्याने दोन्ही आनंद भोगले आहेत, त्याला विचारा.

आमच्या बेळगावात असे साक्षीदार पुष्कळ. आंबोलीने सावंतवाडीला किंवा चोर्ल्याने गोव्याला दोन्ही प्रकारच्या गाड्या नेलेला माणूस गल्लोगल्ली सापडेल. तो सांगेल की घाटात पेट्रोलच्या गाडीशी सतत बोलावे लागते. वळण आले, गिअर खाली घ्या, इंजिनाला चढू द्या, त्याचा स्वर टिपेला गेला की पुन्हा बदला. डिझेलची गाडी तिसऱ्या गिअरमध्ये फारशी कुरकुर न करता चढत राहते. एक टांग्याचे घोडे, दुसरा औताचा बैल.

यामागचे शास्त्र साधे आहे. पेट्रोल ठिणगीने पेटते. डिझेल इंजिनात ठिणगीच नाही. तिथे नुसती हवा पंधरा-वीस पट दाबतात, ती त्या दाबानेच तापते, आणि तीत तेलाचा फवारा गेला की आपोआप भडका उडतो. रुडॉल्फ डिझेलने १८९७ साली आउग्सबुर्ग येथे हे इंजिन यशस्वीपणे चालवून दाखवले. एवढा दाब सोसायचा म्हणून त्याचे भाग जड, आणि जड म्हणून ते सावकाश फिरणारे. पेट्रोलचे इंजिन मिनिटाला सहा हजार फेऱ्यांपलीकडे हौसेने जाते. मोटारीतले डिझेल साधारण साडेचार हजारांवर दमते, पण दोन हजारांच्या आसपासच त्याची ओढ भरात असते. हे इंजिन धावू शकत नाही असेही म्हणवत नाही. २००६ साली ल मान्सची चोवीस तासांची शर्यत आउडीने डिझेलवर जिंकली.

तेव्हा माझे मत विचाराल तर आनंद दोन्हींत आहे, आणि तो समसमान आहे. धाव आवडते की ओढ, हा प्रकृतीचा प्रश्न. (विहिरीवरच्या इंजिनाची ठकठक ऐकून शेतकऱ्याला कधी कंटाळा आला आहे का? पाटात पाणी येत असते ना!)

पण मिलचा साक्षीदार इथेच अपुरा पडतो. त्याने दोन्ही गाड्या आतून पाहिल्या, मागून पाहिल्या नाहीत. २०१२च्या मे महिन्यात दिल्लीत पेट्रोल लिटरला सुमारे ७३ रुपये होते आणि डिझेल ४१. ही स्वस्ताई ट्रॅक्टरसाठी, एस.टी.साठी, मालाच्या ट्रकसाठी राखलेली. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे दर खुले होईपर्यंत घाटातल्या त्या ऐटदार ओढीत दुसऱ्याच्या पंक्तीतला घास होता. त्याच २०१२ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने डिझेलच्या धुराला कर्करोगकारक ठरवले.

यावर कोणी म्हणेल, अहो, हे सगळे खरे असेल, पण त्याचा आनंदाशी काय संबंध? दोष वेगळा, चव वेगळी. विषारी असला तरी पदार्थ गोड असू शकतो. कठोपनिषदाने श्रेय आणि प्रेय वेगळे केलेच आहेत.

हा युक्तिवाद मला २०१५ पर्यंत बिनतोड वाटू शकला असता. त्या वर्षीच्या १८ सप्टेंबरला, शुक्रवारी, अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने फोक्सवॅगनची लबाडी उघड केली. गाडीतली संगणक-प्रणाली परीक्षा ओळखत असे. प्रयोगशाळेत धुराचे शुद्धीकरण पुरते चालू, रस्त्यावर ढिले. नायट्रोजनची ऑक्साइडे मर्यादेच्या चाळीस पटींपर्यंत बाहेर पडत होती. पुढे कंपनीने जगभरच्या सुमारे एक कोटी दहा लाख गाड्यांची कबुली दिली. परीक्षक समोर असला की हात जोडून बसणारी मुले आम्हां शिक्षकांना नवीन नाहीत, पण एवढा मोठा वर्ग कोणी पाहिला नसेल.

आता त्या गाडीच्या निर्दोष मालकाचा विचार करा. सोमवारी सकाळी तो किल्ली फिरवतो. इंजिन तेच, रस्ता तोच, ओढ रतिभरही उणी नाही. तरी शुक्रवारचा आनंद त्याला मिळत नाही. चव आणि दोष खरोखरच वेगळे असते, तर तो मिळायला हवा होता. इतकी वर्षे आपल्याला आवडत होती ती नुसती ओढ नव्हती. एक कुशल, स्वच्छ यंत्र आपल्या पायाखाली आहे ही समजूतही त्या आवडीत कालवलेली होती, हे त्याला आता कळते.

पेट्रोलवाल्यांनी यावर खुशीत येऊ नये. तेवढ्याच अंतराला त्यांची गाडी अधिक तेल जाळते, आणि तिचाही धूर कोणाच्या तरी नाकात जातोच. मिलच्या साक्षीदाराशेजारी मला आणखी एक साक्षीदार बसवावासा वाटतो. त्याने दोन्हींपैकी एकही गाडी चालवलेली नाही. तो चढावर सायकल हातात धरून चालला आहे, आणि आपण नुकतेच त्याला मागे टाकले आहे.