अश्वशस्त्रक्रिया आणि अहिंसेची कसोटी

घोडीचे रोगग्रस्त अंडाशय किंवा वृषणकोशात न उतरता पोटातच राहिलेले घोड्याचे वृषण काढण्यासाठी पूर्वी बहुधा जनावराला संपूर्ण भूल देऊन आडवे पाडावे लागे. घोडीच्या बाबतीत दुसरीही एक रीत होती. तीत योनिमार्गाच्या भिंतीला छेद देऊन हात आत घातला जाई आणि डोळ्यांना काहीच दिसत नसताना केवळ स्पर्शाच्या आधाराने अंडाशयाचा देठ साखळीच्या फासात चिरडून तोडला जाई. लॅपरोस्कोपीने, म्हणजे लहान छिद्रातून पोटात सोडलेल्या दुर्बिणीच्या साहाय्याने होणाऱ्या शस्त्रक्रियेने, हे चित्र पालटले. घोडी खोड्यात, म्हणजे जनावर धरून ठेवण्याच्या चौकटीत, उभीच राहते. डिटोमिडीनसारख्या औषधाने तिला गुंगी आणली जाते, भकाळीचा भाग स्थानिक भुलीने बधिर केला जातो, पोटात कार्बन डायऑक्साइड वायू भरून जागा केली जाते आणि पडद्यावर पाहत रक्तवाहिन्या बंद करून अंडाशय सोडवले जाते. चारपाचशे किलो वजनाच्या प्राण्याला संपूर्ण भूल देणे मुळातच जोखमीचे असते, कारण आडव्या देहाच्या भाराने स्नायू व फुप्फुसे दबतात आणि शुद्धीवर येऊन उठताना हाड मोडू शकते. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत पोटशूळाखेरीज अन्य कारणांसाठी भूल दिलेल्या घोड्यांपैकी सुमारे ०.९ टक्के घोडे सात दिवसांत दगावल्याचे आढळले होते. म्हणून उभ्या घोडीवरील ही शस्त्रक्रिया करुणेच्या दृष्टीनेही खरी प्रगती आहे, हे प्रथम निःसंदिग्धपणे मान्य केले पाहिजे.

मात्र वेदना कमी झाली म्हणून कृती निर्दोष ठरते काय, हा प्रश्न त्यानंतरही उरतो. जेरेमी बेंथम याने १७८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात प्राण्यांविषयीच्या नीतीचा आधार त्यांच्या दुःख भोगण्याच्या क्षमतेत शोधला. दुःख हीच एकमेव कसोटी मानली, तर छेद जितका लहान तितका दोषही लहान, असा हिशेब मांडता येतो. भारतीय परंपरेने हा हिशेब पुरेसा मानलेला नाही. सम्राट अशोकाच्या पाचव्या स्तंभलेखात, राज्याभिषेकाला २६ वर्षे झाल्यावर, पक्षातील ठरावीक तिथींना व सणांच्या दिवशी बैल, बोकड, मेंढे, डुकरे यांचे खच्चीकरण करू नये आणि ठरावीक दिवशी घोड्यांना व बैलांना डाग देऊ नयेत, अशी आज्ञा आहे. ती सरसकट बंदी नाही. परंतु प्राण्याच्या देहावरील मानवी अधिकाराला मर्यादा असते, हे तत्त्व तीत राजशासनाच्या पातळीवर मान्य झालेले दिसते.

जैन आचारशास्त्र याहून पुढे गेले. श्रावकाने, म्हणजे गृहस्थ उपासकाने, वर्ज्य करावयाच्या पंधरा व्यवसायांत त्या शास्त्राने निर्लांछनकर्माचा, म्हणजे प्राण्यांचे खच्चीकरण व अवयवभंग करून उपजीविका करण्याचा, समावेश केला. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात अहिंसाव्रताचे पाच अतिचार, म्हणजे व्रताला बाधा आणणारी स्खलने, सांगितले आहेत: बांधणे, मारणे, अवयव छेदणे, प्रमाणाबाहेर भार लादणे आणि अन्नपाणी तोडणे. आधुनिक शस्त्रक्रियेत घोडीला खोड्यात बांधतात, तिचा देह छेदतात आणि आतडी रिकामी राहावीत म्हणून आधी तिचा चाराही तोडतात. अर्थात केवळ बाह्य क्रिया पाहिली तर या यादीतील तीन गोष्टी तेथे घडतात. तरीही ती हिंसाच ठरत नाही, कारण याच परंपरेत हेतूचा विचार केंद्रस्थानी आहे. पूज्यपादांनी सर्वार्थसिद्धी या तत्त्वार्थसूत्रावरील टीकेत असा दृष्टान्त दिला आहे की, करुणेने प्रेरित होऊन साधूच्या देहातील गळू कापणाऱ्या वैद्याला, त्या कृतीने वेदना होत असली तरी, पापबंध होत नाही. क्रिया तीच असली तरी ती कोणासाठी केली, यावर तिचे नैतिक स्वरूप ठरते.

ही कसोटी लावली असता अश्वशस्त्रक्रियेचे दोन स्पष्ट भाग पडतात. ग्रॅन्युलोसा पेशींची गाठ, म्हणजे संप्रेरके स्रवून घोडीचे ऋतुचक्र व वर्तन बिघडवणारा अंडाशयाचा अर्बुद, काढणे हे त्या वैद्याच्या कृतीसारखेच आहे. परंतु माजावर असताना घोडी स्वाराला जुमानत नाही, एवढ्यासाठी तिची निरोगी अंडाशये काढणे ही वेगळी गोष्ट होय. तेथे लाभ प्रामुख्याने मालकाचा असतो, हानी मात्र कायमची घोडीची असते, आणि अंडाशये काढल्यावरही काही घोड्या माजाची लक्षणे दाखवीत राहतात. अमेरिकेतील ओरेगॉन राज्यात रानघोड्यांची संख्या आटोक्यात ठेवण्यासाठी २०१८ मध्ये त्यांतील माद्यांवर योनिमार्गातून अंडाशय काढण्याची जी योजना सरकारी खात्याने आखली होती, तिच्यावरील वादात पद्धतीच्या क्रौर्याचा मुद्दा ठळक होता. पण पद्धत सौम्य असती तरी स्वच्छंद कळपाचे प्रजनन मानवाने कायमचे थांबवावे काय, हा प्रश्न तसाच राहिला असता.

कायद्याने या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. भारताच्या १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक अधिनियमाने विहित रीतीने केलेले खच्चीकरण क्रूरतेच्या व्याख्येबाहेर ठेवले आहे. म्हणजे कायदा रीत तपासतो, हेतूची तपासणी विवेकावर सोपवतो. घोडी संमती देऊ शकत नाही, म्हणून तिच्या वतीने निर्णय घेणाऱ्याचे उत्तरदायित्व वाढते. वर्तनाची तक्रार असेल तर आधी पाठीचे दुखणे, खोगिराचा दाब आणि शिकवणीतील दोष शोधावेत; त्यानंतर माज तात्पुरता रोखणारे अल्ट्रेनोजेस्टसारखे औषध, ज्याचा परिणाम औषध थांबवल्यावर ओसरतो, वापरून पाहावे; आणि परत न फिरवता येणारा उपाय अखेरीस विचारात घ्यावा. पूर्वी शस्त्रक्रियेची भीषणताच मालकाला थबकायला लावी. तंत्र जसजसे सौम्य होत जाते, तसतसा तो अडसर नाहीसा होतो, आणि म्हणून वेदनेने पूर्वी घातलेला संयम आता माणसाने विचारपूर्वक स्वतःवर घालून घेणे, हाच या प्रगतीसोबत येणारा धर्म आहे.