दान की परतफेड?

आमच्या घराच्या मागील दारी एक लहानसे तळे आहे. लांबी आठ फूट, रुंदी सहा फूट आणि मधोमध खोली जेमतेम दोन फूट. २०२२ च्या मे महिन्यात मी व माझ्या मुलाने ते खणले. एका रविवारी मिस्सेनंतर घरी आलेले एक स्नेही ते पाहून म्हणाले, "मुक्या जिवांवर मोठी दया केलीत!" स्तुती कोणाला नकोशी वाटते? मलाही बरे वाटले. परंतु ते गेल्यावर तो 'दया' शब्द मनाला टोचू लागला. मी केले ते खरोखरच दया होते काय?

या प्रश्नाचे मूळ आमच्याच वाडीत आहे. वसईच्या जुन्या मंडळींना बावखल म्हणजे काय हे सांगायला नको. तरुण वाचकांसाठी सांगतो : वाडीच्या शिंपणासाठी पूर्वजांनी खणलेले गोड्या पाण्याचे तळे म्हणजे बावखल. केळी, पानवेली, फुलझाडे त्यावर जगत. आमचे बावखल चाळीस फूट लांब व तीस फूट रुंद होते. आजोबा-पणजोबांनी ते स्वतःच्या गरजेसाठी राखले. पण बेडूक, चतुर, खंड्या, पाणकोंबडी यांना त्यांनी कधी मज्जाव केला नाही. १९९४ साली आम्हा भावांच्या वाटण्या झाल्या. प्रत्येकाला घर हवे होते. बावखलात भराव टाकायचे ठरले. कागदावर तीन सह्या झाल्या. त्यांतील एक माझी होती. भराव पडत असताना एक पाणकोंबडी आठवडाभर काठाकाठाने फिरताना दिसे. आठव्या दिवशी ती दिसली नाही. मी त्या वेळी त्याची खंत केली नाही. घराच्या पायाचा खर्च मोजण्यात मी गुंतलो होतो.

शुभवर्तमानातील जक्कय आपल्या परिचयाचा आहे. प्रभू त्याच्या घरी पाहुणा म्हणून आला तेव्हा जक्कयाने दोन निरनिराळ्या गोष्टी कबूल केल्या. अर्धी मालमत्ता गोरगरिबांना देईन, ही पहिली. ज्यांना लुबाडले असेल त्यांना चौपट परत करीन, ही दुसरी. पहिले दान आहे, दुसरी परतफेड. जक्कयाने या दोहोंची गल्लत केली नाही. आपण मात्र ती सहज करतो. घेतलेले थोडेसे परत करतो आणि त्याला औदार्य म्हणवून घेतो.

कोणी म्हणेल, परतफेड माणसाची करायची असते; बेडकाचे ऋण कसले? आक्षेप दुर्लक्षिण्याजोगा नाही. तथापि, हानी केवळ बेडकांची झाली नाही. बावखलात साठलेले पावसाचे पाणी हळूहळू जमिनीत मुरे आणि समुद्राकाठच्या भूमीत तेच गोडे पाणी खाऱ्या पाण्याला थोपवून धरी. आम्ही ते बुजवले, इतरांनी आपापली बुजवली. उपसा मात्र वाढतच गेला. आमच्या विहिरीचे पाणी पुढे मचूळ झाले. त्या विहिरीवर शेजारच्या दोन घरांचाही घास शिजत असे. शिवाय, भूमी परमेश्वराची असून आपण तिच्यावरचे उपरे आहोत, असे लेवीय पुस्तक सांगते. उपऱ्याला मालकाच्या इतर पाहुण्यांना हुसकावण्याचा अधिकार कोणी दिला? पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली 'लाउदातो सी' या परिपत्रकात पृथ्वीला सर्वांचे सामायिक घर म्हटले. ते वाचताना मला आमच्या वाटणीपत्राची आठवण झाली. आम्ही वाटून घेतले ते केवळ आमचे नव्हते.

तळे खणताना एक गोष्ट उमगली. येथे आपल्या हाती फार थोडे असते. काठ एका बाजूने उतरता ठेवला, कारण उभ्या काठाच्या तळ्यात पडलेले लहान जीव वर येऊ शकत नाहीत. तळाशी वाळू, तिच्यावर जाड प्लास्टिक, त्यावर माती घातली. पाणी पावसाचेच भरू दिले. एका नातलगाच्या बावखलातून कुमुदाचा कंद आणला, काठावर वेखंड लावले. जलपर्णी कटाक्षाने टाळली. ती सारे पाणी झाकून टाकते. मासेही सोडले नाहीत, कारण ते बेडकांची व चतुरांची पिल्ले खातात. एवढे केल्यावर माणसाचे काम संपते. पुढे वाट पाहायची. जीव विकत आणून सोडायचे नसतात; जागा करून द्यायची असते.

शेजारच्या मावशींनी डासांची तक्रार केली. ती रास्त होती. आपले प्रायश्चित्त दुसऱ्याच्या ताटात वाढणे हा धर्म नव्हे. म्हणून पहिल्या वर्षी मी रोज सकाळी पाणी तपासले आणि डासांच्या अळ्या दिसताच गाळणीने काढल्या. लहान मुलांसाठी भोवती जाळीही बसवली. दुसऱ्या पावसाळ्यात चतुर आले, त्यांनी पाण्यात अंडी घातली. त्यांची पिल्ले डासांच्या अळ्या खातात. माझे काम पुष्कळसे त्यांनी उचलले, तरी सकाळची फेरी मी सोडलेली नाही.

आता हिशेब मांडू. बुजवले ते बाराशे चौरस फूट. खणले ते अठ्ठेचाळीस. जक्कयाने चौपट देऊ केले, मी पंचविसावा हिस्सा दिला. उरलेले चोवीस हिस्से आमच्या तिन्ही घरांच्या पायाखाली आहेत आणि ती घरे मोडून टाकण्याचे धैर्य माझ्यात नाही. हे मी लपवीत नाही. स्नेह्यांना पुढच्या भेटीत मी एवढेच सांगितले की ही दया नाही, हा एका मोठ्या कर्जाचा पहिला हप्ता आहे. ते जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "आमचे बावखल अजून आहे. मुलगा बुजवायचे म्हणतो."

मी त्यांना म्हणालो, मुलाला एकदा इकडे पाठवा. पावसाळ्यात, रात्री जेवण झाल्यावर पाठवा. बेडूक बोलू लागले की मला फारसे बोलावे लागणार नाही.