पुरावा आणि निवाडा

न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेतील ऑस्वल्ड एव्हरी, कॉलिन मॅक्लाउड आणि मॅक्लिन मॅकार्टी या तिघांनी १९४४ च्या फेब्रुवारीत जो निबंध प्रसिद्ध केला, त्याची समकालीन विद्वानांनी अक्षम्य उपेक्षा केली, असे म्हणण्याची आता वहिवाटच पडून गेली आहे. आनुवंशिक गुणांचे वहन डीएनए या आम्लाकडून होते याचा पहिला सबळ पुरावा त्या निबंधात होता, हे निर्विवाद. परंतु तो पुरावा ज्यांनी तत्काळ मान्य केला नाही, ते सारेच मत्सरी अथवा मंदबुद्धी होते, ही फिर्याद मला जशीच्या तशी दाखल करून घेववत नाही.

या आम्लाचा पूर्वेतिहासच असा होता, की त्याच्याविषयी कोणी मोठी अपेक्षा बाळगावी असे कारण नव्हते. १८६९ साली ट्युबिंगेन येथील जुन्या किल्ल्याच्या मुदपाकखान्यात थाटलेल्या प्रयोगशाळेत फ्रीडरिश मीशर या तरुण स्विस वैद्याने, शस्त्रक्रियेच्या रुग्णालयातून आणविलेल्या पुवाने भरलेल्या पट्ट्या धुऊन त्यांतील पेशींच्या केंद्रकांतून फॉस्फरसयुक्त असे एक अपरिचित द्रव्य वेगळे काढले. पुढे फीबस लेव्हीन यांनी असे प्रतिपादन केले, की या द्रव्यात चार प्रकारचे घटक समप्रमाणात असून तीच चौकडी पुनःपुन्हा आलेली असते. प्रथिनांच्या ठायी सुमारे वीस अमिनो आम्लांची विविधता असताना, या एकसुरी द्रव्यावर प्राणिमात्राच्या अनंत भेदांचा भार कोण टाकणार? ते केंद्रकातील एखादा आधार असावे, एवढीच त्याची योग्यता ठरली होती.

स्वतः एव्हरीही प्रारंभी संशयवाद्यांच्याच पंक्तीत बसले होते, ही गोष्ट त्यांचे कैवारी सोयीस्करपणे विसरतात. लंडनच्या फ्रेडरिक ग्रिफिथ यांनी १९२८ साली न्यूमोनियाच्या जिवाणूंपैकी कवच गमावलेले निरुपद्रवी जिवंत जिवाणू आणि उष्णतेने मारलेले कवचधारी जिवाणू यांचे मिश्रण उंदरांना टोचले, तेव्हा उंदीर मेले आणि त्यांच्या रक्तात जिवंत कवचधारी जिवाणू आढळले. मृतांनी जिवंतांना आपला गुण दिला, आणि तो त्यांच्या संततीतही टिकला. या जिवाणूंच्या कवचाचा अभ्यास करण्यात वर्षानुवर्षे खर्ची घातलेल्या एव्हरींना हे खरे वाटेना. त्यांच्याच प्रयोगशाळेतील डॉसन यांनी त्याला दुजोरा दिला आणि ॲलोवे यांनी पेशीविरहित अर्कानेही तोच परिणाम साधून दाखविला, तेव्हा कुठे ते या शोधास प्रवृत्त झाले.

त्यानंतरचे काम मात्र चिकाटीचा नमुनाच म्हणावे लागेल. मोठाल्या पात्रांत वाढविलेल्या जिवाणूंच्या अर्कातून प्रथिने आणि कवचाची शर्करा काढून टाकीत जावे, शेवटी त्यात थेंबाथेंबाने अल्कोहोल सोडीत काचेच्या कांडीने ढवळीत राहावे, म्हणजे एका ठराविक क्षणी पांढरे तंतू प्रकट होऊन रिळावर सूत चढावे तसे कांडीभोवती गुंडाळले जात. प्रथिने पचविणाऱ्या विकरांनी या तंतूंचे सामर्थ्य अबाधित राहिले, आरएनए तोडणाऱ्यानेही राहिले. डीएनए नष्ट करणारा विकर लागताच मात्र ते लोपले. साठ कोटी भागांत एक भाग इतक्या विरल द्रावणातही ते कार्य करी. असे असूनही निबंधाची भाषा कमालीची सावध आहे; हे द्रव्य जनुकासारखे वागते, ही कल्पना एव्हरींनी मनमोकळेपणाने बोलून दाखविली ती १९४३ साली भावाला लिहिलेल्या खासगी पत्रात.

त्याच संस्थेतील आल्फ्रेड मर्स्की यांची हरकत अशी, की शेकडा एकदोन भाग प्रथिन त्या नमुन्यात लपून राहिले तर प्रचलित कसोट्यांना ते सापडणार नाही, आणि खरी कर्तबगारी त्याचीच असू शकेल. ही हरकत रास्तच होती, आणि तिच्याच रेट्याने हॉचकिस यांनी प्रथिनाचे प्रमाण शेकडा ०.०२ पर्यंत खाली आणले. परंतु शुद्धतेचा हा मुद्दा मनापासूनचा होता काय, याची परीक्षा १९५२ साली झाली. त्या साली हर्षी आणि चेस यांनी जिवाणूंवर वाढणाऱ्या विषाणूच्या प्रथिनावर किरणोत्सर्गी गंधकाची व डीएनएवर किरणोत्सर्गी फॉस्फरसची खूण केली, आणि विषाणू चिकटलेले जिवाणू स्वयंपाकघरातील मिक्सरमध्ये घुसळले. फॉस्फरस बहुतांशी जिवाणूच्या आत गेला, गंधक बहुतांशी बाहेर राहिले. तरी सुमारे पंचमांश गंधक जिवाणूंना चिकटून होतेच. शुद्धतेच्या मापाने हा पुरावा एव्हरींच्या पुराव्याहून उणा, पण अनेकांचे मन वळले ते त्यानेच! कारण दरम्यान, एव्हरींचाच निबंध वाचून या विषयाकडे वळलेल्या अर्विन शारगाफ यांनी चार घटकांचे प्रमाण जीवजातीगणिक भिन्न असते हे दाखवून लेव्हीन यांच्या एकसुरी चौकडीचा अंमल संपुष्टात आणला होता. नडला होता तो हा अंमल. प्रथिनाचा अंश हे त्याचे सभ्य निमित्त होते.

शास्त्रज्ञांच्या पक्षी माझी वकिली येथवरच चालते. नोबेल समितीसाठी ती चालत नाही. स्टॉकहोमचे आयनार हामर्स्टेन डीएनएचे नामांकित अभ्यासक, त्याचा रेणू प्रचंड असतो हे दाखविणाऱ्यांपैकी एक. आणि त्यांनीच समितीला सल्ला दिला, की जिवाणूंच्या या परिवर्तनाची कार्यपद्धती अधिक उलगडेपर्यंत एव्हरींना पारितोषिक देण्याचे थांबावे. १९५३ च्या एप्रिलमध्ये वॉटसन आणि क्रिक यांनी डीएनएची दुहेरी सर्पिल रचना प्रसिद्ध केली. एव्हरींचे निधन झाले ते १९५५ च्या फेब्रुवारीत. म्हणजे ही रचना प्रसिद्ध झाल्यानंतरही समितीच्या हाती दोन वर्षांचे निर्णय होते, आणि त्या दोन्ही वेळी ते नॅशव्हिलला हयात होते.