पुण्याची शिल्लक आणि कार्डाचे पॉइंट

बुलडाणा जिल्ह्यातल्या सिंदखेडराजा तालुक्यात साखरखेर्डा हे गाव आहे. तिथे भक्तीच्या दोन परंपरा शेजारी नांदतात. एक पलसिद्ध स्वामींच्या वीरशैव मठाची. दुसरी प्रल्हाद महाराजांच्या संस्थानाची. ती जालन्याच्या रामानंद महाराजांमार्फत गोंदवल्याच्या ब्रह्मचैतन्य महाराजांपर्यंत पोचते. पहिली परंपरा कायक आणि दासोह शिकवते: कष्ट करा आणि जे उरेल ते समाजाला परत द्या. दुसरी नाम घ्यायला सांगते आणि घेतलेले नाम मोजायलाही हरकत घेत नाही. तेरा अक्षरी राममंत्राच्या तेरा कोटी जपाचा संकल्प तिच्यात परिचयाचा आहे. क्रेडिट कार्डाच्या रिवॉर्ड पॉइंटांविषयी विचार करताना या दोन परंपरा आठवणे वरवर विचित्र वाटेल. पण पॉइंटांमागचा प्रश्न धर्मविचाराला फार जुना आहे. कृतीबरोबर काहीतरी जमा होते, ते साठते आणि पुढे वटवता येते. मग त्या जमेसाठी कृती करावी का? माझे उत्तर असे की, पॉइंटांचे खरे मोल त्यालाच मिळते ज्याचा खर्च त्यांच्यावर अवलंबून नव्हता. आणि ते मिळाल्यावरही ते कोणाच्या खिशातून आले हे विचारल्याशिवाय त्याची सुटका नाही.

आधी हिशोब पाहू. समजा, एखादे कार्ड शंभर रुपयांच्या खरेदीवर एक पॉइंट देते आणि बिलात वळते केल्यास त्या पॉइंटाचे पंचवीस पैसे होतात. म्हणजे परतावा पाव टक्का. तोच पॉइंट विमान कंपनीच्या माइल्समध्ये बदलला तर जास्त मोलाचा ठरू शकतो आणि कॅटलॉगमधल्या मिक्सरवर खर्च केला तर कमी. शिवाय पॉइंट वटवण्याचे शुल्क असते, मुदत असते, आणि घरभाडे किंवा इंधन अशा खर्चांवर अनेक कार्डे पॉइंट देतच नाहीत. या सगळ्या खाचाखोचा शिकून माणूस पाव टक्क्याचा एक टक्का करू शकतो. पण वीस हजारांची थकबाकी एक महिना मागे राहिली आणि व्याज महिन्याला साडेतीन टक्के असले, तर सातशे रुपये गेले. पाव टक्क्याने ते सातशे परत मिळवायला दोन लाख ऐंशी हजारांची खरेदी करावी लागेल. त्यात भर म्हणजे, थकबाकी असेपर्यंत नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही सहसा जाते. पॉइंटांचे गणित इतके एकतर्फी आहे की त्यात जिंकण्याचा एकच खात्रीचा मार्ग उरतो: गरजेपुरताच खर्च करायचा आणि पूर्ण बिल वेळेवर भरायचे. हा नियम पाळणाऱ्याला पॉइंट हा जोडफायदा आहे. पॉइंटांसाठी खर्च करणाऱ्याला तो जवळजवळ नेहमीच तोटा आहे.

हा भेद मीमांसकांनी फार काटेकोरपणे मांडला होता. जैमिनीच्या परंपरेत कर्माचे नित्य आणि काम्य असे प्रकार मानले जातात. नित्य कर्म करायचेच असते. त्यामागे विशिष्ट फळाची इच्छा नसते. काम्य कर्म एखादे फळ हवे असेल तरच करायचे. यज्ञ आज होतो आणि स्वर्ग मेल्यानंतर मिळतो, मग मधल्या काळात फळ कुठे असते, या अडचणीवर त्यांनी 'अपूर्व' ही कल्पना काढली: कृती संपली तरी तिच्यातून उपजलेली एक अदृश्य शक्ती टिकून राहते आणि योग्य वेळी फळ देते. जमा झालेल्या शिलकेची इतकी स्पष्ट कल्पना जगाच्या विचारात क्वचितच सापडेल. घरातला किराणा, औषधे, मुलांची फी हा संसाराचा नित्य खर्च. त्याच्यावर पॉइंट पडले तर पडोत. पॉइंटांची योजना मात्र या नित्य खर्चाला हळूहळू काम्य बनवते: अमुक तारखेआधी इतक्या हजारांची खरेदी केली तर इतके जादा पॉइंट. मग फ्रिज जुना झाला म्हणून नव्हे, तर उंबरठा ओलांडायला पाच हजार कमी पडतात म्हणून खरेदी होते. कार्ड हातात असताना हात सैल सुटतो, याला पुरावाही आहे. ड्रेझन प्रेलेक आणि डंकन सिमेस्टर यांनी 2001 मध्ये एमआयटीतला एक प्रयोग प्रसिद्ध केला. बास्केटबॉल सामन्याच्या तिकिटांसाठी व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्यांकडून बोली मागवल्या, तेव्हा कार्डाने पैसे देणाऱ्यांची बोली रोखीने देणाऱ्यांच्या सुमारे दुप्पट निघाली. हा परिणाम कार्डाचा होता, पॉइंटांचा नव्हे; पण पॉइंट त्याच सैल हाताला आणखी एक निमित्त देतात.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. आपला धर्मच फळाच्या भाषेत बोलतो. प्रत्येक स्तोत्राच्या शेवटी फलश्रुती आहे, प्रत्येक व्रतकथेत व्रत केलेल्याची भरभराट आणि टाळलेल्याची दैना आहे. मग बँकेने तीच भाषा वापरली तर तिलाच नावे का ठेवायची? आक्षेपातले तथ्य खरे आहे, पण परंपरा तिथे थांबलेली नाही. गीतेच्या नवव्या अध्यायात यज्ञ करून स्वर्गाला गेलेले लोक पुण्य सरताच परत मर्त्यलोकी येतात, असे सांगितले आहे. तिथे ज्ञानेश्वरांनी दृष्टांत दिला आहे तो पैसा संपताच वेश्येच्या दारातून परतवल्या जाणाऱ्या गिऱ्हाइकाचा. महाभारताच्या आदिपर्वातला ययाती तर शिल्लक असतानाच पडला. तपात तुझ्या तोडीचा कोण, असे इंद्राने विचारले. देव, माणसे, गंधर्व, ऋषी यांत कोणीच नाही, असे तो म्हणाला आणि त्याच क्षणी त्याचे पुण्य क्षीण झाले. फळाची लालूच दाखवून माणसाला कृतीकडे आणायचे, आणि कृती अंगवळणी पडली की ती लालूच सोडायला लावायची, असा या परंपरेचा क्रम आहे. म्हणून तर पूजेच्या शेवटी संकल्पाचे सारे फळ 'कृष्णार्पणमस्तु' म्हणून सोडून दिले जाते. बँकेच्या योजनेत हा शेवटचा टप्पा नसतो, आणि असूही शकत नाही. ग्राहकाची लालूच सुटली तर योजनाच कोसळेल.

मग मोजणेच वाईट का? तसे नाही, आणि साखरखेर्ड्याची रामनामाची परंपरा इथे उपयोगी पडते. जप मोजणारा साधक आकडा वाढवतो, पण त्या आकड्याच्या बदल्यात काही मागत नाही. मन चुकार असते; आज नाम झाले की नाही हे ते खरे सांगत नाही, म्हणून माळ लागते. मोजदाद इथे कृतीची राखण करते. तेरा कोटी पूर्ण झाले म्हणजे नाम थांबवायचे, असे कोणी मानत नाही. मोजण्याचे दोन हेतू असू शकतात: कृती नीट होते आहे का हे पाहणे, किंवा तिचे मोल वसूल करणे. कार्डधारकालाही हीच निवड असते. महिन्याचे बिल बारकाईने वाचून कुठे किती गेले हे तपासणे ही पहिल्या जातीची मोजदाद आहे. ॲप उघडून पॉइंटांची शिल्लक किती फुगली हे पाहत राहणे ही दुसऱ्या जातीची. तेच कार्ड, तोच महिना. पण पहिला माणूस आपल्या खर्चाचा धनी राहतो आणि दुसऱ्याच्या खर्चाला दुसरेच कोणी वळण लावू लागते.

दुसरा आक्षेप संसारी माणसाचा आहे. आयता मिळणारा फायदा सोडणे हे वैराग्य नव्हे, गबाळेपणा आहे. काटकसर हाही गृहस्थाचा धर्म आहे. हे मला पूर्ण मान्य आहे. पॉइंट जमा झालेच असतील तर ते मुदत संपून वाया घालवण्यात कसलेही अध्यात्म नाही. ज्याला प्रवास करायचाच आहे त्याने ते प्रवासाकडे वळवावेत, ज्याला करायचा नाही त्याने बिलात वळते करावेत. कार्डाची वार्षिक फी वर्षभराच्या पॉइंटांच्या मोलापेक्षा जास्त असेल तर ते कार्ड बंद करावे. केवळ पॉइंट खपवण्यासाठी नको असलेली वस्तू मागवू नये, कारण तेव्हा मोल वस्तूचे नसून वटवल्याच्या समाधानाचे असते. एवढे नियम पुरेसे आहेत. त्यापलीकडे चार-पाच कार्डांच्या टक्केवाऱ्या तोंडपाठ ठेवण्यात जो वेळ आणि लक्ष जाते, त्याची किंमत कोणत्याही ॲपमध्ये दिसत नाही.

पण काटकसरीच्या युक्तिवादात एक गृहीत लपलेले आहे, की पॉइंट कोणाकडूनही न येता येतात. वास्तविक कार्डाच्या प्रत्येक व्यवहारावर दुकानदाराकडून एक शुल्क कापले जाते. त्यातला मोठा वाटा कार्ड देणाऱ्या बँकेकडे जातो, आणि पॉइंटांचा खर्च त्यातून व थकबाकीदारांच्या व्याजातून भागतो. दुकानदार सर्वांना एकाच भावाने माल विकत असेल, तर ते शुल्क रोख देणाऱ्यालाही भावातून सोसावे लागते. बोस्टनच्या फेडरल रिझर्व्ह बँकेतल्या अर्थतज्ज्ञांनी 2010 मध्ये अमेरिकेसाठी याचा अंदाज केला: रोखीने व्यवहार करणाऱ्या सरासरी कुटुंबाकडून वर्षाला 149 डॉलर जातात आणि कार्ड वापरणाऱ्या सरासरी कुटुंबाला 1,133 डॉलर मिळतात. आपल्याकडे हे आकडे तसेच्या तसे लागू होणार नाहीत, हे खरे. 1 जानेवारी 2020 पासून यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डावर असे शुल्क नाही, आणि गावातल्या दुकानांत क्रेडिट कार्ड अजून विरळाच. पण भारतातल्या क्रेडिट कार्डांची संख्या 2024 च्या सुरुवातीला दहा कोटींपुढे गेली आहे, आणि यंत्रणा तीच आहे. जो पूर्ण बिल भरू शकतो त्याच्या पॉइंटांत, जो भरू शकत नाही त्याच्या व्याजाचा वाटा असतो. पुण्याच्या हिशोबात एकाचे पुण्य दुसऱ्याच्या खात्यात न विचारता सहसा वळते होत नाही. कार्डाच्या जगात ते रोज होते.

वीरशैव परंपरेतली आयदक्की लक्कम्माची कथा इथे थेट लागू पडते. बाराव्या शतकात कल्याणमध्ये, म्हणजे आजच्या बसवकल्याणात, तिचा नवरा मारय्या बसवण्णांच्या अंगणात सांडलेले तांदूळ वेचून आणी. त्यावर दोघे जगत आणि इतरांनाही जेवू घालत. एके दिवशी बसवण्णांनी जास्त तांदूळ सांडू दिले आणि मारय्याने ते सगळे आणले. लक्कम्माने जादा तांदूळ परत टाकून यायला लावले. तांदूळ चोरीचे नव्हते, कोणी हरकतही घेतली नव्हती. तरी तिच्या लेखी कायकापेक्षा जास्त आलेले आपले नव्हते. आमच्याकडच्या तुकोबांविषयीही परंपरा सांगते की, त्यांनी कर्जखते इंद्रायणीत बुडवली ती आपल्या वाट्याची. भाऊ कान्होबाचा अर्धा वाटा त्याला देऊनच. त्याग करतानाही दुसऱ्याच्या हक्काला हात लावायचा नाही, इतका काटेकोर हिशोब त्यात आहे. यावर कोणी म्हणेल की, एकाने पॉइंट सोडले म्हणून किराणा स्वस्त होत नाही. व्यवस्था बदलायची तर ती सरकारने आणि रिझर्व्ह बँकेने बदलावी. बरोबर आहे. पण लक्कम्माच्या मूठभर तांदळानेही कल्याणचा धान्यबाजार हलला नव्हता. आपला वाटा कुठे संपतो हे स्वतः ठरवता येणे, एवढेच तिला हवे होते.

तेव्हा कार्ड ठेवा, पण गरजेची यादी पॉइंटांच्या आधी लिहा. बिल दरमहा पूर्ण भरा. जमलेले पॉइंट मुदतीत आणि सरळ मार्गाने वापरा. छोट्या दुकानात, जिथे दोन टक्केही दुकानदाराला जाणवतात, तिथे कार्ड न काढता रोख द्या किंवा बँक खात्यातून यूपीआयने पैसे द्या. पॉइंटांतून वाचलेल्या पैशाचा एक भाग दरवर्षी अशा कोणाला तरी द्या, ज्याच्याकडून परतफेडीची अपेक्षा नाही. गीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक दानाची हीच खूण सांगितली आहे. ज्याला एवढेही जड वाटते, त्याने ओळखावे की पॉइंट त्याच्या खात्यात जमा होत नसून तोच पॉइंटांच्या खात्यात जमा झाला आहे.