निरोप शेवटच्या लेकरापर्यंत पोहोचावा



धर्मशिक्षणाचे नवे वर्ष सुरू होत आहे. यंदा प्रत्येक वर्गाचा व्हॉट्सॲप ग्रुप असावा, अशी सूचना धर्मशिक्षकांनी आणि अनेक पालकांनी केली आहे. सूचना चांगली आहे व आपण ती स्वीकारीत आहोत. ग्रुप बनवायला दोन मिनिटे लागतात. तो कशासाठी बनवायचा, याचा विचार मात्र आधी करावा लागतो.

ख्रिस्तसभेला नव्या साधनांचे भय नाही. १९६३ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने प्रसारमाध्यमांविषयी स्वतंत्र दस्तऐवज प्रसृत केला. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २०१३ च्या जागतिक प्रसारमाध्यम दिनाच्या संदेशात सोशल मीडियाकडे सुवार्ताप्रसाराचे नवे क्षेत्र म्हणून पाहिले. ७ सप्टेंबर २०२५ रोजी पोप लिओ चौदावे यांनी कार्लो आकुतिस ह्या मुलाला संतपद बहाल केले. २००६ साली, अवघ्या १५ व्या वर्षी, कार्लो ल्युकेमियाने देवाघरी गेला. त्याला संगणकाची आवड होती. पवित्र ख्रिस्तप्रसादाशी निगडित चमत्कारांची माहिती त्याने वेबसाइटवर मांडली. पण हाच मुलगा रोज मिस्साला जात असे आणि मिलान शहरातील आपल्या धर्मग्रामात लहान मुलांना धर्मशिक्षण देण्यास मदत करीत असे. संगणक होता म्हणून त्याने वर्ग सोडला नाही.

आता थोडे मागे जाऊ या. संत पॉल दूरच्या ख्रिस्तमंडळींना पत्रे लिहीत. कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्राच्या शेवटी ते सांगतात, की हे पत्र तुमच्यात वाचून झाले की लावदिकीया येथील मंडळीतही वाचले जावे. म्हणजे आजच्या भाषेत त्यांनी ते फॉरवर्ड करायला सांगितले! पण एक फरक ध्यानात घ्या. ते पत्र सर्वांसमोर मोठ्याने वाचले जाई. त्या काळी बहुसंख्य लोकांना वाचता येत नसे. वाचणारा एकच असला, तरी ऐकणारे सगळे असत. अक्षरओळख नसलेला गुलामही त्या निरोपाचा तितकाच हक्कदार होता.

आपल्या ग्रुपची खरी परीक्षा इथेच आहे. वर्गात ३० मुले आहेत आणि ग्रुपमध्ये २६ पालक आहेत. आपण म्हणतो, 'सगळ्यांना कळवले.' उरलेल्या चार जणांचे काय? कोणाच्या घरी एकच फोन असतो आणि तो बाबांबरोबर सकाळच्या लोकलने कामावर जातो. कोणी आजीजवळ राहतो आणि आजीचा फोन साधा, बटणांचा. कोणाचा रिचार्ज संपलेला असतो. रविवारी सगळी मुले चित्रे रंगवून आणतात आणि हे लेकरू रिकाम्या हाताने मागच्या बाकावर बसते. त्याला कोणी रागावत नाही, पण आपण ह्यांच्यातले नाही, असे त्याला वाटते. पुढच्या रविवारी ते येतच नाही. प्रभू येशूच्या दाखल्यातील मेंढपाळाने नव्याण्णवांची मोजदाद करून समाधान मानले नाही.

संत थॉमस अक्वायनस यांचा एक विचार आहे, की जे दिले जाते ते घेणाऱ्याच्या कुवतीप्रमाणेच घेतले जाते. तेव्हा निरोप कसा द्यायचा हे देणाऱ्याच्या सोयीने नव्हे, घेणाऱ्याकडे पाहून ठरवावे. म्हणून ग्रुपवर टाकलेली प्रत्येक सूचना आदल्या रविवारी वर्गात वाचून दाखवली जाईल व फळ्यावर लिहिली जाईल. ज्यांच्याकडे फोन नाही, त्यांना शेजारच्या एका कुटुंबाने निरोप द्यावा. ही जबाबदारी कोण घेणार, हे पहिल्याच पालकसभेत ठरवू.

आणखी काही गोष्टी. ग्रुप पालकांचा असेल, मुलांचा नव्हे. व्हॉट्सॲपच्या नियमानुसारच १३ वर्षांखालील मुलाला स्वतःहून खाते उघडता येत नाही. ग्रुपमध्ये आपला नंबर सर्वांना दिसतो, म्हणून विचारल्याशिवाय कोणाला त्यात घालू नये. ॲडमिन दोघे असावेत आणि संदेश फक्त ॲडमिननीच पाठवावेत, अशी सेटिंग ठेवावी. म्हणजे 'गुड मॉर्निंग'च्या फुलांखाली परीक्षेची तारीख बुडणार नाही. मुलांचे फोटो आईवडिलांच्या संमतीशिवाय टाकू नयेत. धर्मशिक्षकांनी कोणत्याही मुलाशी एकट्याने चॅट करू नये. आणि कोण गैरहजर होता, कोणाला प्रार्थना पाठ आली नाही, हे ग्रुपवर कधीही लिहू नये. भावाचे चुकले तर प्रथम एकांतात त्याच्याशी बोलावे, हे प्रभूने संत मत्तयच्या शुभवर्तमानात शिकवले आहे. चाळीस घरांत एकाच वेळी वाचला गेलेला अपमान डिलीट केला, तरी त्या मुलाच्या मनातून पुसला जात नाही.

संत योहान आपल्या दुसऱ्या पत्राच्या अखेरीस म्हणतात, की लिहिण्यासारखे पुष्कळ आहे, पण शाई-कागदापेक्षा मला समोरासमोर भेटून बोलायचे आहे. पत्र लिहिणाऱ्या प्रेषितालाही भेटीची ओढ होती. स्वतः परमेश्वराने निरोप पाठवण्यावर समाधान मानले नाही. शब्द देही झाला आणि आपल्या वस्तीत राहायला आला. आपला ग्रुपही मुलांना वर्गापर्यंत, मिस्सापर्यंत आणि एकमेकांच्या दारापर्यंत नेणारा असावा.

येत्या आठवड्यात प्रत्येक पालकाने एवढे करावे : आपल्या आळीतले कोणते मूल ग्रुपबाहेर राहील, ते पाहावे आणि त्याच्या घरी एकदा जाऊन यावे.

प्रभू आपणा सर्वांना आशीर्वादित करो.

आपला ख्रिस्ताठायी,
प्रमुख धर्मगुरू